खात्रीचा माणूस

फिदेन्सिओ बार्राहासचा चेहरा लास मोरास गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण तो एवढा मोठा कुणी पाहिला नव्हता. रविवारी सकाळी जुन्या बाजाराकडे निघालेला फिदेन्सिओ हमरस्त्यावरच्या पुलापाशी आला, आणि ट्रक कडेला घेऊन वर बघतच राहिला. फलकावर तोच होता. तेल लावून विंचरलेल्या मिशा, बायकोने इस्त्री केलेला निळा शर्ट, आणि मेक्सिकोतलं मिचोआकान सोडून अमेरिकेत आल्यापासून ज्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं ते पांढरेशुभ्र दात. बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘मी पॉझिटिव्ह आहे. मी माझ्या कुटुंबाला जपतो.’ खाली आरोग्य प्रकल्पाचा फोन नंबर आणि एक लाल फीत.

अक्षरं वाचायला फिदेन्सिओला वेळ लागत असे. दातांवर मात्र तो लगेच खूश झाला.

आठवडाभर तो टोमॅटोच्या कारखान्यात पट्ट्यावरचे सडके टोमॅटो वेचायचा. रविवारी बाजारात त्याची तांब्याची काहील लागायची. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून काढायची ती मिचोआकानी विद्या त्याच्या हातात होती, आणि गावातलं एकही बारसं किंवा लग्न त्याच्या काहिलीवाचून उरकत नसे. दुपारपर्यंत रांग बाजाराच्या फाटकापर्यंत जायची. त्या रविवारी काहिलीपाशी माश्या तेवढ्या आल्या, आणि त्याही विचार करून बसत होत्या.

दुपार टळल्यावर चोन आला. चोनचं टायरांचं दुकान होतं. तो फिदेन्सिओच्याच गावचा, आणि येत्या उन्हाळ्यात फिदेन्सिओच्या मुलीच्या पंधराव्याला केकचा मानकरी. पोरीला पंधरावं लागलं की चर्चमध्ये प्रार्थना, हॉलमध्ये नाच आणि राणीसारखा झगा हे आलंच. ते एकट्या बापाच्याने होत नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीला एकेक मानकरी धरायचा : झग्याचा, मुकुटाचा, बुटांचा, केकचा. मान मिळतो त्याचा, खिसा रिकामा होतो त्याचा, आणि नाही म्हणायची सोय नसते.

चावऱ्या कुत्र्यापासून आपण जेवढं अंतर ठेवतो तेवढ्यावर चोन थांबला.

“काय रे, अर्धा किलो बांधू? कातडी आज मस्त कुरकुरीत आलीय.”

“नको गड्या. डॉक्टरनं चरबी बंद केलीय.”

“तुझी? तुझ्या पोटाला कळवलं का कुणी?”

चोन हसला नाही. पोटावरच्या विनोदाला चोन हसला नाही, तेव्हाच फिदेन्सिओला काहीतरी बिनसल्याची शंका आली.

“एक विचारू? राग नको मानूस,” चोन म्हणाला. “किती वर्षं झाली तुला?”

“काय होऊन?”

“ते.” चोनने हनुवटीने पुलाकडे खूण केली. “बारा फुटी फलक लावून घेतलायस आणि मलाच विचारतोस होय? छाती आहे बाबा तुझी. मी असतो तर गुपचूप मेलो असतो.”

“अरे पॉझिटिव्ह म्हणजे... म्हणजे चांगल्या विचारांचा माणूस.”

“हो ना. माझा मेव्हणा असाच चांगल्या विचारांचा होता तिहुआनात. शेवटी त्याला दोन पोरांनी एका हातानं उचलला.” चोन जायला वळला, परत थांबला. “मला आधीच वाटायला हवं होतं. एवढे दात धड असतात का कुणाचे?”

प्रकार असा घडला होता. हा फलक मुळात इंग्रजीत होता आणि राजधानीतल्या कुठल्याशा जाहिरातवाल्यांनी केला होता. त्यात एक हसरा गृहस्थ म्हणतो की मी माझ्या कुटुंबाला जपतो, आय ॲम पॉझिटिव्ह. म्हणजे माझी पक्की खात्री आहे. शब्द दुहेरी, म्हणून लक्षात राहणारा, म्हणून बक्षीसपात्र. लास मोराससाठी तो स्पॅनिशमध्ये आणायचं काम प्रकल्पाच्या कचेरीत ओतिलियाकडे आलं, कारण भाषांतरकाराची तरतूद फुग्यांवर खर्च झाली होती. ओतिलियाने शब्दाला शब्द ठेवला. अडचण एवढीच, की स्पॅनिशमध्ये त्या शब्दात खात्री नावालाही उरत नाही. एचआयव्हीचा आजार तेवढा उरतो. हे प्रमुखबाई मिस लिंडसे यांनी तपासून मंजूर केलं. त्या ग्वाटेमालात सरोवराकाठी पंधरवडाभर स्पॅनिश शिकल्या होत्या.

आणि चेहरा हवा म्हटल्यावर ओतिलियाला आपला कोम्पाद्रे आठवला. तिने फिदेन्सिओच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं. त्या दिवसापासून ती त्यांची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. या नात्याला सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त मान आणि जास्त अहोजाहो असते. कोमाद्रेने शब्द टाकला की कोम्पाद्रेने दात दाखवायचे.

सोमवारी तो कचेरीत गेला. मिस लिंडसे त्याला पाहून खुर्चीतून उठल्याच.

“फिदेन्सिओ! लोक बोलतायत!”

“बोलतायत बाई. पण माझ्याशी नाही.”

“हीच तर जागृती!” मिस लिंडसे म्हणाल्या आणि फोन घ्यायला आत गेल्या.

ओतिलियाचे डोळे सुजलेले होते. “कोम्पाद्रे, तुमच्या पायावर डोकं ठेवते. माझी अक्कल शेण खायला गेली होती.”

“तिला परत बोलवा आणि फलक उतरवा.”

“उतरवता येत नाही. करार आहे उन्हाळा संपेपर्यंत. पण वर पट्टी चिकटवायची परवानगी काढलीय मी. म्हणजे अर्थ स्पष्ट होईल.”

पट्टी आठवड्याभरात चिकटली. टेस्ट करून घ्यायची वेळ प्रत्येकाची असते, असं प्रकल्पाला म्हणायचं होतं. जागा कमी होती, म्हणून थोडक्यात बसवलं. आता फलक असा वाचला जाई : ‘मी पॉझिटिव्ह आहे. मी माझ्या कुटुंबाला जपतो. आता तुमची पाळी.’

त्यानंतर मानकरी गळायला लागले. बुटांच्या मानकरणीची आई मेक्सिकोत अचानक आजारी पडली. मुकुटाच्या मानकऱ्याला आठवलं की त्याचा पंथ अशा सोहळ्यांना मानत नाही. आपला असा पंथ आहे हे तोवर त्यालाही ठाऊक नव्हतं. फिदेन्सिओच्या मुलीबरोबर, यारेलीबरोबर नाचायला जी पोरं सुटाची मापं देऊन बसली होती त्यांच्या आयांनी एकेक करून फोन केले. चर्चमध्ये शांतीचं हस्तांदोलन करायची वेळ आली की बार्राहासांच्या बाकाभोवतालची माणसं लांबूनच हात हलवायची, जणू ते गाडीत बसून निघालेत. ते तिघेच होते, पण बाकावरची चौथी जागा कुणी घेत नव्हतं. पाद्रीसाहेबांनी प्रवचनात कुष्ठरोग्यांवर फार सुंदर विवेचन केलं आणि फिदेन्सिओकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की उरलेल्या दोघातिघांचीही खात्री पटली.

एका संध्याकाळी यारेली जेवणाच्या ताटावरून उठली.

“पापा, शाळेत माझ्या डेस्कवर कुणीतरी जंतुनाशकाची बाटली ठेवली. वर रिबन बांधून.”

“कोण ते सांग. मी त्याच्या बापाला—”

“त्याच्या बापाला काय करशील? चावशील?” यारेली रडत होती, पण जीभ तिची आजोळच्या वळणाची, तिखट होती. “एवढं सोपं आहे. सगळ्यांसमोर टेस्ट कर. नाही ना तुला? मग कर आणि दाखव.”

“केलीय ना त्याने,” त्याची बायको एदुविहेस म्हणाली. ती पोळीच्या तव्यापाशी उभी होती. “फोटो काढायच्या आधीच केली होती. कोमाद्रे म्हणाली होती, केल्याशिवाय घेत नाहीत. हो ना रे म्हाताऱ्या?”

“हो,” फिदेन्सिओ म्हणाला.

“मग परत करायला काय जातंय?”

काय जातंय ते फिदेन्सिओने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ओतिलियाला त्याने सांगितलं होतं की टेस्ट कारखान्यात झाली. बायकोला सांगितलं होतं की ओतिलियाने केली. दोघी एकमेकींना विचारणार नाहीत एवढं त्याला माहीत होतं, कारण दोघींचा त्याच्यावर विश्वास होता. खरी गोष्ट उत्तरेची होती. यारेली लहान असताना तो काही उन्हाळे सफरचंद तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत काढून आला होता. पत्र्याच्या खोल्या, आठ-आठ माणसं, आणि पगाराच्या शनिवारी फाटकाशी येऊन थांबणारी एक पांढरी व्हॅन. व्हॅनमध्ये बायका असत. त्याच छावणीत एक ओआखाकाचा म्हातारा ताकदीची इंजेक्शनं द्यायचा. सगळ्यांना एकच सुई, दोघांच्या मधे दारूने पुसलेली. फिदेन्सिओ व्हॅनच्या पायऱ्याही चढला होता आणि त्याने सुईपुढे दंडही धरला होता. मनातल्या मनात हिशेब द्यायची वेळ आली की तो सुई पुढे करायचा. सुईत अब्रू होती.

“तू घाबरतोस कशाला?” एदुविहेसने तवा उतरवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “फिदेन्सिओ?”

ती नावाने हाक मारायची ती फक्त दोनच वेळा : वीज गेली की, आणि तिला काही दिसलं की.

“घाबरत नाही. करतो,” तो म्हणाला.

टेस्टची व्हॅन शनिवारी चोनच्या टायरांच्या दुकानाच्या आवारात उभी राहिली. चोननेच जागा दिली. त्याचं म्हणणं, एकदा काय ते होऊन जाऊ दे, केकवाल्याला काय सांगायचं ते मला कळायला हवं. लोक असे जमले होते जसे कोंबड्यांच्या झुंजीला जमतात. बायकांनी घरच्या खुर्च्या आणल्या होत्या. कुणीतरी मक्याची कणसं भाजायला घेतली. टेस्ट सगळ्यांसाठी फुकट होती. एकही माणूस रांगेत नव्हता. सगळे प्रेक्षक होते.

व्हॅनचं दार आतून लागलं. ओतिलियाने हातमोजे चढवले.

“बोट द्या, कोम्पाद्रे. आधीची कारखान्यात झाली तेव्हा सांगितलं असेलच सगळं.”

“झाली नव्हती.”

ओतिलियाने मान वर केली. मग सुई टोचली, थेंब घेतला, टेस्टच्या पट्टीवर ठेवला. बाहेरून कणसांचा वास आला, चोनचा आवाज आला : “आत काय ऑपरेशन चाललंय का?” आणि हशा.

मग पट्टीवर दुसरी रेघ उमटली. ओतिलियाने दुसऱ्या कंपनीची पट्टी काढली, दुसरं बोट टोचलं. तिच्यावरही उमटली. ओतिलिया इतक्या सावकाश हातमोजे काढू लागली, की फिदेन्सिओला तोंडाने सांगायची गरज उरली नाही. पण नियमाप्रमाणे ते तोंडानेच सांगावं लागतं. तिने सांगितलं.

“पक्कं करायला रक्त मोठ्या लॅबला जाईल. पण माझं ऐका. हल्ली ह्यानं कुणी मरत नाही. रोजची एक गोळी. नीट घेतलीत तर काही महिन्यांत रक्तात सापडतसुद्धा नाही, आणि सापडत नाही तोवर बायकोला जात नाही. शंभर वर्षं जगा. फक्त आज, आत्ता घरी गेल्यावर कोमाद्रेला सांगा आणि उद्या तिला माझ्याकडे घेऊन या. तिची व्हायलाच हवी.”

“तुम्ही निगेटिव्ह लिहा.”

“नाही.”

“तुमच्यामुळं झालं हे सगळं.”

“फलक माझ्यामुळं झाला,” ओतिलिया म्हणाली. “हे नाही.”

फिदेन्सिओला एकदम तिचा भयंकर राग आला. तिने गुन्हा केला होता आणि वर शिक्षा त्याला झाली होती. आणि आता तर ती बरोबरही ठरली होती. स्पॅनिश चुकली होती, वाक्य अचूक निघालं होतं.

“सुईमुळं झालं असणार,” तो म्हणाला. “छावणीत एक म्हातारा...”

“असेल. मला कारण नको. कोमाद्रेला सांगा.”

“पोरीचं पंधरावं होऊ दे. मग सांगतो. देवाशपथ. तुम्ही बोलायचं नाही.”

“मला बोलता येतच नाही. बोलले तर नोकरी जाते, वर खटला होतो. सख्ख्या आईजवळ बोलता येत नाही.” ओतिलियाने त्याच्या हातात एक कागदी पिशवी कोंबली. “निदान हे तरी वापरा. कंडोम आहेत. आणि शेजारच्या गावच्या दवाखान्यात गोळ्या फुकट देतात, मी कळवून ठेवते.”

त्याने पिशवी शर्टाच्या आत खुपसली आणि दार उघडलं.

बाहेर उजेड इतका होता की आधी त्याला माणसं दिसलीच नाहीत. मग खुर्च्या दिसल्या, कणसं दिसली, आणि सगळ्यात पुढे एदुविहेस, पर्स पोटाशी धरून. तिच्या मागे यारेली, जणू आईच्या पाठीतून बघता येतं अशी.

“काय निघालं?” चोनने विचारलं.

“निगेटिव्ह,” फिदेन्सिओ म्हणाला.

पहिल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या चोलेबाईने मोठ्याने हंबरडा फोडला. निगेटिव्ह म्हणजे वाईटच असणार, असं तिला वाटलं. तिच्या सुनेने कानात ओरडून सांगितलं की सासूबाई, ह्यात उलटं असतं, तेव्हा ती थांबली आणि वैतागून म्हणाली, “मग सरळ बोलायला काय होतं मेल्यांना?”

“कोमाद्रे, तुम्ही सांगा!” एदुविहेस व्हॅनकडे बघून ओरडली. तिचा आवाज फाटला होता. “तुमच्या तोंडून ऐकू दे!”

ओतिलिया व्हॅनच्या पायरीवर उभी होती. “मला कुणाचाच निकाल सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“बघा, कशी लाजतेय,” चोन म्हणाला. “पचका झालाय तिच्या फलकाचा!” आणि त्याने पुढे होऊन फिदेन्सिओला कडकडून मिठी मारली, इतकी की शर्टाच्या आतली पिशवी चुरगळली. टाळ्या पडल्या. कुणीतरी ट्रकचा भोंगा वाजवला. यारेली बापाच्या गळ्यात पडली आणि तिथेच, टायरांच्या ढिगापुढे, पाच-सात फोटो निघाले.

एक प्रकल्पाच्या दृष्टीने वाईट झालं. टेस्ट करायला त्या दिवशी कुणीच आत गेलं नाही. चोनने कारण नीट मांडलं : “आख्ख्या गावात ज्याच्यावर संशय होता त्यालाच नाही. म्हणजे गावात नाहीच.” लोकांना ते पटलं. चोन स्वतः दर पंधरवड्याला टायर आणायला सरहद्दीवर जायचा आणि दोन दिवस उशिरा परतायचा, पण टायर मिळायला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य होतं.

त्यानंतरचे आठवडे फिदेन्सिओच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हेच त्यातलं वाईट होतं. बाजारात रांग फाटकाच्या बाहेर गेली. ज्यांनी पाठ फिरवली होती ते शरमेने दुप्पट घेऊन जायचे. बुटांच्या मानकरणीची आई मेक्सिकोत खडखडीत बरी झाली. मुकुटवाल्याने पंथ सोडला. आणि एदुविहेस, जी फलक लागल्यापासून आईच्या जुन्या खोलीत झोपत होती, तिने त्याची माफी मागितली.

“मी तुझ्यावर संशय घेतला,” ती म्हणाली. “एवढी वर्षं संसार केला आणि एका फलकावर विश्वास ठेवला. मला क्षमा कर म्हाताऱ्या.”

त्याने क्षमा केली. पिशवी हॉलमागच्या अंगणात, त्याची काहील ठेवायच्या कोठडीत मिठाच्या गोणीमागे होती. ती घरात आणायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि नुकताच निगेटिव्ह ठरलेल्या नवऱ्याला असं काय कारण असणार? लग्नाला सतरा वर्षं झालेला माणूस अचानक कंडोम घेऊन आला तर एदुविहेसने दुसराच संशय घेतला असता. असा फिदेन्सिओने फार विचार केला. विचार करून झाला की पिशवी तिथेच ठेवून तो घरी जायचा.

दवाखान्यात तो एकदा गेला. मुद्दाम कामाचा दिवस पाहून, टोपी डोळ्यांवर ओढून. व्हरांड्यात चोनची मेव्हणी फरशी पुसत होती. तिने ओळखलं नाही. तो मागच्या दाराने परत आला. ओतिलियाचे फोन यायचे ते तो कारखान्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून ठेवून द्यायचा. लॅबचा निकाल आला असावा. पंधरावं झालं की, तो म्हणायचा. पंधरावं झालं की सगळं सांगेन. आधी पोरीला नाचू दे.

पंधरावं एका शनिवारी झालं, भर उन्हाळ्यात. सकाळी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी सत्यावर प्रवचन दिलं. दुपारी हॉलमध्ये निळे-पांढरे फुगे, चोनचा चार मजली केक, आणि सुटातली चौदा पोरं, ज्यांच्या आया आता मुलांपेक्षा उत्साहात होत्या. मिस लिंडसेसुद्धा आल्या होत्या. त्या सगळ्यांना सांगत होत्या की हा खरा समाजाचा सहभाग.

फिदेन्सिओ हॉलच्या मागच्या अंगणात काहिलीपाशी होता. बापाने आज कालथा धरू नये असं सगळे म्हणाले होते, पण आजचं मांस दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. सुटाचा कोट खिळ्याला टांगून, बाह्या दुमडून तो ढवळत होता. ओतिलिया ताटांची चळत घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली.

“आज संपलं तुमचं निमित्त,” ती हळूच म्हणाली.

“उद्या सांगतो.”

“उद्या मी येते. तुमच्या शेजारी बसते. तुम्ही फक्त तोंड उघडा.”

तेवढ्यात एदुविहेस आली. हिरवा रेशमी पोशाख, केस वर बांधलेले, चेहरा उन्हाने की कशाने उजळलेला. काहिलीजवळ येताच तिने रुमाल नाकाला लावला आणि भिंतीला हात टेकला.

“ऊन बाधलं,” फिदेन्सिओ म्हणाला. “आत बस जा.”

“उन्हाचं नाही रे.” ती रुमालामागे हसत होती. “आज सांगणार नव्हते, पोरीचा दिवस म्हणून. पण चरबीच्या वासानं चुगली केली. मला दिवस गेलेत, म्हाताऱ्या.”

फिदेन्सिओचा कालथा काहिलीच्या कडेला लागला आणि ठण्ण वाजला.

“ह्या वयात! पोरगीला पंधरावं आणि आई बाळंत. गाव काय हसेल! हसू दे. मला तर मुलगाच वाटतोय.” तिने ओतिलियाचा दंड धरला. “कोमाद्रे, फलकाचं मी विसरले, जा. बाप्तिस्म्याला ह्यालाही तुम्हीच घ्यायचं.”

ओतिलियाने ताटं खाली ठेवली. “डॉक्टरकडे गेलात?”

“गुरुवारी. किती रक्त काढलं मेल्यांनी! साखर, कावीळ, काय काय. ती नर्स म्हणाली, ती एचआयव्हीची पण करतो, सगळ्याच बायकांची करतात, नको असेल तर सांगा. मी म्हटलं नको बाई. आमच्या ह्याची आख्ख्या गावासमोर झालीय, टायरांच्या दुकानात. ती एवढी हसली!”

“करून घ्या, कोमाद्रे.”

“अहो, पण—”

“सोमवारी जा आणि करून घ्या. मी सगळ्यांनाच सांगते. आईला आधी कळलं आणि गोळ्या सुरू झाल्या तर बाळाला जवळजवळ कधीच होत नाही. उशीर झाला तर होतं.”

“काय होतं? कुणाला?” एदुविहेसचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण एकटं पडलं होतं. “कशाच्या गोळ्या? तुम्हाला काही माहितेय का?”

ओतिलियाने फिदेन्सिओकडे पाहिलं. मग जमिनीकडे. “मला कुणाचंही काही सांगता येत नाही.”

“मग ह्या अशा बोलण्याचा अर्थ काय?” एदुविहेसने तिचा दंड सोडला. “एकदा आमची अब्रू पुलावर टांगलीत तेवढी पुरली नाही? माझ्या पोरीला त्या पोरांनी बाटली दिली, रिबन बांधून. मी गिळलं. आज तिचा दिवस आहे, माझ्या पोटात लेकरू आहे, आणि तुम्ही आता माझ्या पोटावर फलक लावायला निघालात? तू सांग हिला, फिदेन्सिओ. सांग एकदा.”

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. ओतिलियाच्या तोंडावर विनवणी होती. एदुविहेसच्या तोंडावर ती हाक मारल्यानंतरची नजर होती. तोंड उघडायचं, एवढंच होतं. हॉलमधून माईकची खरखर आली, पोरांचा गलका आला. फिदेन्सिओला वाटलं, आत्ता बोललो तर आतले सगळे पानावरून उठतील. चौदाच्या चौदा पोरं. उद्या बोलू, दोघंच असताना. सोमवार अजून लांब होता. गुरुवारी काढलेलं रक्तही कुठे पळून जात नव्हतं. बाळ तर अजून वाटाण्याएवढं असेल. वाटाण्याएवढ्याला काय कळतंय.

“राहू द्या, कोमाद्रे,” तो म्हणाला. “गरज नाही. तिला उगाच कशाला टोचून घ्यायला लावता.”

एदुविहेसने श्वास सोडला. मग ओतिलियाकडे वळून, कामवालीशी बोलावं तशा सुरात, म्हणाली, “बाप्तिस्म्याचं आम्ही दुसरीकडे बघू.”

ओतिलिया मागच्या फाटकातून निघून गेली. ताटं तिथेच राहिली.

“डोकं फिरलंय बाईचं,” एदुविहेस म्हणाली. “गावात रोग नाही म्हणून हिचं पोट दुखतंय.” तिने नाकावरचा रुमाल काढला. “बघ, मघाशी मळमळत होतं, आता भूक लागली. दे एक तुकडा.”

त्याने कुरकुरीत भागाचा तुकडा काढला, फुंकर घालून गार केला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो चावून चावून खाल्ला.

“फिदेन्सिओ! बाप कुठाय पोरीचा?” आतून चोन माईकवर ओरडत होता. “वॉल्ट्झ लागतोय! या हो खात्रीचे माणूस!”

“जा,” एदुविहेसने त्याचा कोट खिळ्यावरून काढून अंगावर चढवला, कॉलर नीट केली. “मी बघते इथं.” आणि कालथा हातात घेऊन तिने काहिलीत डोकावलं. “मीठ कमी पडलंय. कुठंय मीठ?”

“कोठडीत,” तो म्हणाला, आणि मग पटकन, “थांब, मीच आणतो.” पण आत वाजंत्री सुरू झाली होती, दोघे पुतणे त्याला दोन्ही हातांना धरून ओढत होते, आणि एदुविहेस कोठडीकडे निघालीही होती.

“अगं राहू दे!” तो ओरडला.

“नाच तू!” ती न वळता म्हणाली. “एवढं तर मला सापडेल.”